बाराव्या मिनिटाला तात्या थांबले नाहीत

आमच्या कऱ्हाटी गावातल्या घरी भुताखेतांच्या, चमत्कारांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून आत जायचे. पुढे पत्रकारिता शिकवायला लागले तेव्हा तर पहिल्याच तासाला मुलांना सांगायचे, 'कोणी पाहिलं, कधी पाहिलं, पुरावा काय... हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ओळ लिहायची नाही.' आता तेच तीन प्रश्न मी स्वतःला विचारतेय. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे आहेत. तिसऱ्याचं नाही.

मी बारामतीच्या एका कॉलेजात शिकवते. पीएचडीचा विषय होता तालुक्याच्या गावांतले वार्ताहर. म्हणजे शेती किंवा दुकान सांभाळून पेपरला बातम्या पाठवणारी माणसं. त्याच विषयावर एक डॉक्युमेंटरीही केली, चोवीस मिनिटांची. तिच्यासाठी मी भानुदास तात्यांना भेटले. इंदापूरहून नरसिंहपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक गाव, नाव लिहीत नाही. तात्या तिथून तीसेक वर्षं बातम्या पाठवत होते. फोन नव्हते तेव्हा पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचे आणि ते पुण्याला पेपरच्या ऑफिसात पोचायचं.

मुलाखत त्यांच्या अंगणात झाली. मी विचारलं, "तात्या, कधी खोटी बातमी दिलीत?"

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग म्हणाले, "दिली. भीमेच्या पात्रात वाळूच्या खड्ड्यात दरड पडून एक मजूर गेला. सरपंच म्हनलं, आंगुळीला गेला नि बुडाला असं लिवा. मी तसंच लिवलं. खोटं हाय ते मला म्हाईत हुतं."

त्यापुढेही ते बोलले. तीन-चार मिनिटं बोलले. पण एडिटिंगला बसले तेव्हा मला 'म्हाईत हुतं' या शब्दावरच कट हवा होता. तिथे पडदा काळा... अकरा सेकंद काळाच... आणि मग पुढचा सीन. माझ्या रिसर्च पेपरचा मुद्दाच तो होता, की गावचा वार्ताहर सत्तेपुढे वाकतो. पुढचं बोलणं ठेवलं असतं तर मुद्दा ढिला पडला असता.

फिल्मचं कौतुक झालं. रिसर्च पेपर छापून आला. आणि तो एवढासा तुकडा कोणीतरी मोबाईलवर काढून गावच्या ग्रुपवर टाकला.

तात्यांचा फोन आला तो दिवस मला आठवतो. मी स्टाफरूममध्ये होते.

"मॅडम, फुडचं बी बोललो हुतो मी. तेवढं टाका की. हितं चहाच्या गाड्यावर लोक मला 'खोटी बातमी' म्हनूनच हाक मारत्यात."

"बघते तात्या. टायमिंगचा प्रॉब्लेम आहे."

"व्हय, तुमचं काम मोठं हाय. पन बघा."

नंतर त्यांनी दोनदा फोन केला. मी उचलला नाही. आणि नव्या प्रोजेक्टला जागा हवी म्हणून त्याच महिन्यात मी ती हार्डडिस्क फॉरमॅट केली. तात्यांचं मूळ फूटेज तिच्यातच होतं, दुसरी कॉपी नव्हती. उरली ती फक्त टाईप केलेली मुलाखत.

सहा महिन्यांनी तात्या गेले. बीपीचा त्रास आधीपासून होता म्हणतात. मी जाऊ शकले नाही... नाही, खरं लिहायचं तर मी गेले नाही.

वर्षश्राद्धाच्या आधी गावच्या शाळेतल्या गुरुजींचा फोन आला. "मॅडम, लोकांनी तो एक तुकडाच पाह्यलाय. तात्यांच्या पुण्यस्मरणाला शाळेत पूर्ण फिल्म दाखवा. मालनकाकूंची इच्छा आहे." मालनकाकू म्हणजे तात्यांच्या पत्नी. पूर्ण फिल्ममध्येही तेवढंच आहे, हे मला सांगता आलं नाही. हो म्हणून बसले.

सकाळी अकराची वेळ होती. खिडक्यांना सतरंज्या लावून वर्गात अंधार केला होता. साठ-सत्तर माणसं असतील. मालनकाकू पुढे खुर्चीवर, मी मागे टेबलावर लॅपटॉप आणि प्रोजेक्टर घेऊन. पेनड्राईव्हवर एकच फाईल होती. कॉलेजात, सेमिनारमध्ये कितीतरी वेळा दाखवलेली तीच.

तात्यांचा सीन जवळ आला तशी मी मान खाली घातली. 'मला म्हाईत हुतं' ऐकू आलं. आता काळा पडदा... मी मनात सेकंद मोजायला लागले.

"पन मी तितं थांबलो न्हाय."

मी वर पाहिलं. पडद्यावर तात्या होते. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि बोलत राहिले.

"दुसऱ्या दिशी नदीवर गेलो. खड्डा बघितला. संगतीच्या मजुरांशी बोललो. खरी बातमी लिवली नि पाकीट एसटीत दिलं. छापली न्हाय त्यांनी. मग कार्बन कापी घिऊन त्या मजुराच्या आयकडं गेलो. तिला समदी वाचून दावली. म्हनलं, माझ्या हातनं चूक झाली, माय..."

पुढचं मी नीट ऐकलं नाही. मी लॅपटॉपवर वाकले, फाईलचं नाव पाहिलं. तीच फाईल. कोणीतरी हुंदका दिला. पुन्हा वर पाहिलं तेव्हा पुढचा सीन लागला होता. आणि फिल्म संपली तेव्हा प्लेअरवर चोवीस मिनिटंच दिसत होती. तीन-चार मिनिटं जास्तीची कुठे गेली, सांगता येत नाही.

दिवे लागले. लोक उठून माझ्याकडे आले. एक म्हातारे गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले, "आमी लई बोललो तात्याला. चुकलंच आमचं." मालनकाकूंनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. "मॅडम, तुमी त्यांचं समदं बोलनं दावलं. लई उपकार झालं."

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी वाकून नमस्कार केला आणि नारळ घेतला.

इंदापूरच्या बसस्टँडजवळ गाडी बाजूला घेऊन मी लॅपटॉप उघडला. बारावं मिनिट. 'मला म्हाईत हुतं.' काळा पडदा. अकरा सेकंद. परत लावलं, परत तेच. घरी जाऊन एडिटिंगचा प्रोजेक्ट तपासला, जुन्या फाईली तपासल्या. ते बोलणं कुठेही नव्हतं. मनाचा खेळ म्हणावा, तर खेळ एकटीच्या मनाचा असतो. वर्गातल्या त्या माणसांपैकी कोणालाच तात्या पुढे काय बोलले ते माहीत नव्हतं. माहीत होतं ते फक्त मला.

आठ दिवसांनी मालनकाकूंचा फोन आला. "ती फिल्म आमाला द्या की. नातवंडं बघतील." मी म्हटलं, देते. पुन्हा फोन आला, पुन्हा म्हटलं, देते. तिसऱ्यांदा 'बघते काकू' असं तोंडातून गेलं आणि माझाच आवाज मला ओळखू आला. त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले.

ओसरीवर बसून सगळं सांगितलं. मीच कापलं, तात्यांनी विनवलं तरी टाकलं नाही, फूटेज पुसलं, आणि शाळेत दिसलं ते माझ्या फिल्ममध्ये नाहीच. काकू तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"तुमी कापलं ते ठावं हाय आमाला," त्या म्हणाल्या. "राग न्हाय. ह्यांनीच सांगितलं न्हवं का, शेवटी."

"शेवटी? काय सांगितलं?"

"आता गं बया! तुमी हुता की तितंच, शाळंत पडद्याम्होरं." त्यांनी सूप खाली ठेवलं. "म्हनलं, मॅडमला बोलू नगा. माझी बातमी पुन्याला कापायचं, तशी त्यांना बी वरनं कुनीतरी कापायला लावलं आसंल. पोटासाठी करावं लागतं मानसाला."

मी तिथूनच गुरुजींना फोन लावला. काहीही न सुचवता विचारलं, तात्यांचं शेवटचं वाक्य कोणतं होतं? त्यांनी तेच सांगितलं.

टाईप केलेली मुलाखत मी पर्समधून नेली होती. तिच्यात मजुराची आई आहे, कार्बन कॉपी आहे, पडद्यावर ऐकलेला शब्द न् शब्द आहे. हे वाक्य नाही. असणार तरी कसं? मुलाखत दिली तेव्हा काहीच कापलं गेलं नव्हतं.

ते कागद मी काकूंना देऊन आले. फिल्म दाखवणं बंद केलंय. रिसर्च पेपर मात्र अजून तसाच आहे. काय झालं त्या वर्गात, मला माहीत नाही. प्रोजेक्टरवाल्यापासून मानसशास्त्राच्या सरांपर्यंत सगळ्यांना विचारून झालंय.

निघताना काकूंनी पाठीवर हात फिरवला. म्हणाल्या, "तुमच्या सायबांचं नाव घेऊ नगा हां कुठं. नोकरी हाय तुमची."

मी मान हलवली. मला कापायला सांगणारा कोणी साहेब नव्हता, हे मी त्यांना सांगितलं नाही.