सोनटक्क्यातला साप

परवा सांगलीच्या बाजारात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या सोनटक्क्याच्या कळ्या दिसल्या. वास आला आणि मी न घेताच पुढं गेले.

पंच्याहत्तर साल असेल. उंब्रजला आमच्या परसात धुण्याच्या दगडापाशी एरवी ओल असायची. तिथं वहिनीनं माहेराहून आणलेला सोनटक्का लावला होता. दिवेलागणीला फुलं उमलली की लांब सोंडेची पाखरं त्यावर भिरभिरायची आणि तिथूनच शेजारच्या दोडक्याच्या पिवळ्या फुलांवर जायची. उन्हाळ्यात मात्र सोनटक्क्याला रोज विहिरीवरून दोन कळश्या पाणी आणावं लागे. ते काम माझं, दहा वर्षांच्या पोरीचं. एक दिवस कंटाळून मी घरात सांगितलं, सोनटक्क्यात साप दिसला. दादानं त्याच दुपारी कुदळीनं सगळे गड्डे खणून टाकले.

पावसाळ्यात दोडक्याला भरपूर फुलं आली आणि गळून गेली. एकही दोडका धरला नाही.

"ह्यो येलबी वांझच निगाला," आई म्हणाली. लग्नाला सहा वर्षं होऊनही मूल नसलेली वहिनी तिथंच भांडी घासत होती.

"सोनटक्का गेला, पाखरं गेली," ती हळूच म्हणाली. "येलाचा काय दोष, आत्या?"

आई आत गेली. मग वहिनीनं मला विचारलं, "साप कसला हुता गं?"

तिला सगळं ठाऊक होतं, हे मला आज कळतं. ती फक्त वाट बघत होती.

"काळा," मी म्हणाले.

तिनं आधीच लखलखीत झालेला तांब्या पुन्हा राखेनं घासायला घेतला.