वाळवंटातलं शिंकं

मामांना खाण्याची वस्तू जमिनीवर टेकलेली पाहवत नसे. पनवेलच्या मोटारस्टँडवर गाडीची वाट बघत असले, तरी भाकरीचं फडकं अडकवायला ते आधी खिळा शोधत. खिळा नसला तर छत्रीच्या दांड्याला, आणि छत्रीही नसली तर शेजारी उभ्या असलेल्या परक्या माणसाच्या हातात "जरा धरा" म्हणून देत. आमच्या मोजणीच्या पथकात त्यांना सगळे शिंकेवाले मामा म्हणत.

मामा उरणकडच्या मिठागरातले. आमच्याकडे ते जमीन मोजायची साखळी धरायच्या कामावर होते, तेही हंगामी. मी पनवेल गावातला, नुकताच नोकरीला चिकटलेला मोजणीदार. पन्नास-पंचावन्न सालच्या सुमारास आमचं पथक मारवाडच्या वाळवंटात गेलं. हा हंगाम नीट पार पडला तर मामांना कायम करू, असं साहेबांनी निघताना सांगितलं होतं. मामांनी ते गावभर सांगून टाकलं. चाळिशी उलटलेल्या माणसाला पहिल्यांदाच बारा महिन्यांचं काम मिळणार होतं.

तळ सोडून आम्ही दोघं पाठीवर सामान घेऊन चार-चार दिवस वाळूत हिंडायचो. तिथं झाड दिसलं तर नशीब. मग मामा मोजणीच्या तीन निशाणकाठ्या वर एकत्र बांधून तिकाटणं उभं करत आणि मधोमध काथ्याचं शिंकं सोडत. पीठ, गूळ, तांदूळ सगळं त्यात. काठ्यांच्या बुडाशी राखेचं कडं, मुंग्यांसाठी. माझे बूटसुद्धा काठीवर उलटे चढवलेले असत, कारण विंचवाला बुटाइतकं आवडतं घर नाही. सरकारी काठ्यांना पिठाची पिशवी टांगलेली बघून साहेब एकदा बरेच तापले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या तंबूतली बिस्किटं उंदरांनी फस्त केली. त्यानंतर साहेब त्या विषयावर बोलले नाहीत.

उंदीर माझ्या दुर्बिणीच्या पेटीचे चामडी पट्टे का कुरतडतात, हे मला कळेना. मामांनी पट्ट्याला जीभ लावली आणि हसले. "घामाचा मीठ हाय यात, भाऊ. मिठाला कोन सोरतो?" तेव्हापासून ते रोज पट्ट्यांना कडुनिंबाचं तेल चोळत. मी एकदा उंदरांना शिव्या घालत होतो, तर म्हणाले, "जनावराचा दोस नाय. उघरा ठेवील त्याचा दोस." एवढा जन्म मिठात गेलेला माणूस, पण जनावरांबद्दल कधी खारट बोलला नाही.

त्यांचा स्वतःचा एकच लाड होता. घरून आणलेले सुके बोंबील. ते घट्ट झाकणाच्या डब्यात असत आणि भाजायचे ते फक्त भर दुपारी. खाऊन झालं की राखेनं हात घासायचे, मग वाळूनं, मग पुन्हा राखेनं. तो वास खोकडाला कोसावरून येतो, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी डबा उघडायचा नाही, हा त्यांचा नियम होता.

तो नियम मोडला मी. दिवसभर चालून अंग आंबलं होतं, रोजच्या बाजरीच्या रोट्याला तोंड विटलं होतं. मी हट्टच धरला. मामा नको नको म्हणत होते, पण शेवटी दोन बोंबील भाजून त्यांनी माझ्या पानात घातले. स्वतः घेतले नाहीत. ते शिंकं टांगायला गेले आणि मी, तेवढीच मदत म्हणून, पाण्याच्या मशकीचं तोंड आवळून बांधलं. हात घासायचे राहिले.

सकाळी उठलो तर मशक चपटी पडलेली. तोंडाकडचं चामडं चावून काढलेलं, खाली वाळू ओली. आजूबाजूला खोकडाची पावलं. मामांनी ते चावलेलं चामडं नाकाशी धरलं. मग माझ्या हातांकडे बघितलं.

बाटलीत होतं तेवढं पाणी, आणि विहीर दिवसभराच्या वाटेवर. दुपारी मला ऊन लागलं. पुढची वाट मामांनी मला जवळजवळ ओढतच नेलं. दोघांचं सामान त्यांच्याच पाठीवर होतं. तळावर पोचलो तेव्हा मला धड उभंही राहवत नव्हतं.

साहेबांनी चौकशी केली. मशक कोणी बांधली, असं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "मीच बांधली, सायब. हाताला बोंबलाचा वास व्हता." साहेबांनी त्यांना त्याच आठवड्यात घरी धाडलं. कायम करायचा विषयच संपला. मला खरं सांगता आलं असतं. दिवसभर वेळ होता, दुसरा दिवसही होता. माझी नोकरी कच्ची होती, घरी बहिणीचं लग्न ठरत होतं, अशी कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. मी गप्प राहिलो, हे खरं.

चार-पाच वर्षांनी धीर करून त्यांच्या गावी गेलो. मामा पुन्हा मिठागरावर राबत होते. पायांना मिठाच्या भेगा पडल्या होत्या. मला बघून त्यांना कोण आनंद झाला. जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणाले. पान वाढताना मामींनी हसत हसत सांगितलं, "ह्यांचा माहीत हाय ना तुमाला? बोंबलापायी सरकारी नोकरी घालवली. सारा गाव हसतो." थोरली सून पदराआड हसली. मामाही हसले, अगदी मोकळेपणानं. ही थट्टा त्या घरात रोजचीच असावी.

मी हातातला घास खाली ठेवला. आता सांगायचंच, म्हणून तोंड उघडलं. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि वाटी पुढे सरकवली. "जेवा भाऊ. भात निवतो."

मी जेवलो.

मामा पुढच्याच साली गेले. त्यांच्या घरी अजूनही हाच किस्सा सांगतात, आणि अजूनही सगळे त्यांनाच हसतात.