बागेच्या फाटकातून

काजू-नारळाच्या बागेत मजुरी करणाऱ्या सुनंदाकडे मी खराटे आणायला गेले, तर तिच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आमसुलं वाळत होती, फणसाचे पापड वाळत होते, आणि तिची सासू पायरीवर बसून खराट्यांसाठी झावळ्यांचे हीर काढत होती. याद्या करायची माझी सवय. मी लगेच मोजलं. मजुरी धरून चार मिळकती.

“मालकांनी पुढच्या सालापासून बाग करारावर दिलीय, ताई,” सुनंदा म्हणाली. “ठेकेदार स्वतःची माणसं आणणार.”

“मजुरी गेली तरी बाकीची तीन कामं आहेत की!”

सासू हसली. “अहो बाई, आमसुलांचे रातांबे कुठले? फणस कुठले? आणि ह्या झावळ्या?”

काजू आणि नारळ मालकाचे, बाकीचं कामकऱ्यांनी न्यावं, ही त्या बागेची जुनी रीत. ती कुठे लिहिलेली नाही, त्यामुळे ठेकेदार ती पाळेलच असं नाही. एका पगारावर संसार केलेल्या मला चार वाटा म्हणजे भक्कम आधार वाटला होता. चारही एकाच फाटकातून निघतात, हे मी पाहिलंच नव्हतं.

“मग बागेबाहेरचं काय आहे तुमचं?”

सुनंदाने जरा विचार केला. “कोंबड्या,” ती म्हणाली. “पण त्यासुद्धा दिवसभर चरतात बागेतच.”