टायटॅनियम आणि गोजरबाईची कळशी

तुमच्या घरात कोणाच्या कमरेत टायटॅनियमचा सांधा आहे का? असेल, तर तो बसवण्याआधी त्याचा नमुना कोणी ओढून, तोडून, घासून पाहिला, हे विचारलंत कधी? नाय ना? मग मोनिकाचं ऐका.

मोनिका आमच्या शेंद्र्याच्या वस्तीतली, सांडूची लेक. धातूशास्त्राचा डिप्लोमा केला अन् बापाचं रान जिथं होतं तिथंच उभ्या राहिलेल्या कारखान्यात लागली. तिथं टायटॅनियमची भुकटी लेझरनं थरावर थर वितळवून सांधे छापतात. प्रत्येक खेपेसोबत नमुन्याचे तुकडेही छापतात. ते तपासणं हिचं काम.

दोन हजार चोवीसचा उन्हाळा. शहर वाढत वाढत आमच्या दारात आलं, पण पाणी टँकरचं, तेही आधी कारखान्याला! माझं डोकं फिरलं. बायका गोळा केल्या, गेटवरच टँकर अडवला, पाइप आमच्या घागरींत सोडला.

तेवढ्यात मोनिका रिकामा कॅन घेऊन बाहेर आली.

"आली बघा कारखान्याची सून," आमच्यातली म्हातारी गोजरबाई म्हणाली. "काय गं, आत लोखंडाला आंघोळ घालता का?"

"व्हय मावशी, आंघोळच घालायचीय. आक्का, एक कॅन द्या. खेप आज दवाखान्याला निघायलीय."

"तुझ्या साहेबाला म्हणावं, रांगेत उभा राह्य," मी म्हणाले.

ती हलली नाही. तिथंच सगळं सांगितलं. मशीनवर ओढलेला नमुना तुटायच्या आधी थोडा लांबायला हवा, तो लांबलाच नाही, कटकन तुटला. दुसरा घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर काळ्या रेघा. तिचा हिमांशू साहेब म्हणाला, मशीनची पकड सरकली असंल, अन् रेघा म्हणजे तुझेच ओरखडे. खेप पास कर.

"त्याचं खरं बी असंल, आक्का. जाड पॉलिश पेपरवर घासताना वापरलेलं पाणी मी बादलीत निवळू दिलं, अन् वरचं शेवटच्या पॉलिशला वापरलं. घरी भाजी धुतलेलं पाणी भांड्याला चालतं तसं. पण त्यात कण राहतात. चांगल्या पाण्यानं घासल्याबिगर कसं कळंल?"

गोजरबाईनं मला विचारलंसुद्धा नाही. आपली भरलेली कळशी कॅनमध्ये उपडी केली. "जा. पण खरं तेच सांग."

मी तिच्या मागोमाग आत शिरले. वॉचमन आडवा आला, दोन शब्दांत सरळ झाला.

मोनिकानं नमुना घासला, धुतला, धातूची नक्षी दिसावी म्हणून अॅसिडनं पुसला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मग मला म्हणाली, "तुम्हीच बघा." सरळ ओरखडे गेले होते. धातूच्या सुयांसारख्या बारीक नक्षीत, दोन थरांच्या मधे वाकड्यातिकड्या फटी मात्र तशाच. फटींत न वितळलेली भुकटी, बाजरीच्या दाण्यांसारखी गोल.

"परत पॉलिश कर," मागून आलेला हिमांशू म्हणाला.

"कितीदा बी करा सर, फटी पोटातच हायेत. म्हणून तर तुटला."

"खेप अडली तर तुझी नोकरी राहील का?"

"अन् कोणाच्या कमरेत तुटला तर?"

तिनं खेपेवर नापासची लाल पट्टी चिकटवली. गाडी रिकामी गेली.

नोकरी अजून आहे, पण टांगलेली. त्या दिवसापासून ती निवळलेलं पाणी पॉलिशला वापरत नाही, अन् साहेब चांगलं पाणी देताना हात आखडतो. टँकरचं आमचं भांडण चालूच राहणार, मी मागं हटणार नाय. पण तुम्ही कधी त्या गेटवर रांगेत असलात, अन् ती कॅन घेऊन आली, तर एवढं करा. आपली घागर बाजूला घ्या. तिचा कॅन आधी भरू द्या.