मांडवातले टेकू

लग्न होऊन मी अकोल्याच्या जुन्या शहरात आले तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. घरात आम्ही तिघंच: सासरे, माझा नवरा आणि मी. मोर्णा नदीच्या काठाला आमची भाजीची वाडी होती. वांगी, मेथी, संभार म्हणजे कोथिंबीर, असा माल काढायचा आणि बाजारात न्यायचा. घर मात्र गल्लीतलं, जुनं. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या भिंती.

त्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला भेग पडली. मी ती शेणमातीनं लिंपली, तर थोड्याच दिवसांत पुन्हा उघडली, आणि आता तिच्यात माझा हात जात होता. बाहेरून पाहिलं तर भिंतीनं शेजारच्या अंगणाकडे पोट काढलेलं. सासऱ्यांनी गवंडी बोलावला. त्यानं पायाशी खणून पाहिलं. खालची काळी माती पावसात फुगायची, उन्हात आकसायची, तिच्या या ओढाताणीत पायाचे दगड सरकले होते.

"पावसाच्या आंधी पाया बांधून घ्या," तो म्हणाला. "पण पहिले बाहेरून टेकू द्या लागते, नाही त खोदतानाच भिंत येईन आंगावर."

बाहेरून म्हणजे शेजारच्या काकूंच्या अंगणातून. काकूंना नवरा नव्हता. शिवणटिपण करून त्यांनी एकुलती मुलगी वाढवलेली, आणि तिचं लग्न तोंडावर आलेलं. मांडव त्याच अंगणात पडायचा होता.

"लग्नघरी आपली पडकी भिंत घेऊन कोन्या तोंडानं जावं?" सासरे म्हणाले. नवऱ्याचीही हिंमत होईना. शेवटी मीच गेले. नवी सून, डोक्यावर पदर, शब्द सुचेनात.

काकू खाटेवर कुरड्या घालत होत्या.

"काकू, आमची भिंत..."

"मले दिसत नाही काय? रोजच पाहून राहिली मी."

"टेकू द्या लागतात. तुमच्या अंगणात. लग्नात अडचण होईन..."

सोऱ्यावरचा हात न थांबवता त्या म्हणाल्या, "अन् मंग लग्नात भिंत पडली त अडचण होनार नाही काय? दे टेकू. मांडवाले खांब त लागतेच."

दुसऱ्याच दिवशी बाभळीचे जाड टेकू लागले. काम सावकाश चाललं. थोडासा पाया उघडायचा, सुटलेले दगड काढून भिंतीच्या आरपार जातील असे लांब दगड बसवायचे, काळी माती उपसून मुरूम ठोकायचा, मग पुढचा तुकडा. लढाईमुळे सिमेंट मिळत नव्हतं, म्हणून बैलाच्या घाणीवर वाळूसोबत मळलेला चुना वापरला. लग्नाचा दिवस आला तरी काम अर्धंच झालेलं. काकूंनी टेकूंनाच आंब्याचे डहाळे बांधले आणि वरून मांडव घातला.

पंगत बसली. सासरे शरमेनं मागच्या कोपऱ्यात उभे होते. तेवढ्यात वरपक्षाकडल्या एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं विचारलं, "अहो बाई, हे खांब असे तिरपे काहून?"



"शेजाऱ्याचं घर हाय पाव्हणे," काकू म्हणाल्या, "तेबी आलं लग्नाले."

सगळी पंगत हसली. तो म्हाताराही हसला. सासऱ्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, पुढे होऊन बुंदीचं ताट उचललं आणि शेवटची पंगत उठेपर्यंत वाढत राहिले.

पावसाच्या आधी पाया पुरा झाला. त्या वर्षी पावसाची झड अशी लागली की वाडीतली वांगी सडली, पण भिंत जागची हलली नाही. तिचं थोडंसं पोट राहिलंच. गवंडी म्हणाला, आता ते तसंच राहू द्या.

काकूंचे आभार असे मी कधी मानले नाहीत. आमच्याकडे तशी रीत नव्हती. भाजी निघाली की पहिली टोपली त्यांच्या ओट्यावर जायची, एवढंच. त्या गेल्या तेव्हा त्यांची मुलगी रडत म्हणाली, "आता मी अकोल्याले कोनाकडं येऊ?" मी तिला आमच्या घरी आणलं. तेव्हापासून ती दर दिवाळीला माहेरपणाला आमच्याकडे येते, आणि नवऱ्याच्या तक्रारी मला सांगत त्याच भिंतीला टेकून बसते.