डेपोच्या भिंतीपलीकडची येळवस

कचऱ्याच्या खात्यात नोकरी केली की एक होतं. लोक आपल्यापाशी फार वेळ थांबत नाहीत. 'चला, येतो' म्हणून सटकतात. त्यामुळं सांगण्यासारखे किस्से सांगायचे राहून जातात आणि साठत जातात.

मी एका नगरपंचायतीत स्वच्छता निरीक्षक आहे. गावाचं नाव सांगत नाही, उगीच कुणाला वाईट वाटायला नको. कळंबहून एसटीनं निघालात तर तासाभरात पोचाल, एवढं पुरे. परवा-परवापर्यंत खेडं होतं. आता चहूबाजूंनी प्लॉटिंग, तीन मंगल कार्यालयं, पाच मोबाईलची दुकानं. माणसं वाढली, तसा कचरा वाढला. पूर्वी तो गावाबाहेर ओतायचा आणि पेटवून द्यायचा, हीच पद्धत. आता त्याच जागी शेड आहे, खताचे हौद आहेत, आणि काम करायला आठ बायका आहेत. या आठजणींनी आणि घंटागाडीवरच्या मुनीरभाईनं मला जे शिकवलं ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळालं नसतं. त्यांचे उपकार आहेत माझ्यावर. म्हणून म्हटलं, आज सांगूनच टाकावं.

*

डेपोच्या भिंतीला लागून अण्णांचं रान. सत्तरीचा माणूस, धोतर, आणि आवाज असा की शेजारी ट्रॅक्टर चालू असला तरी चालतो. शेडचा पाया खणायला जेसीबी आला, त्या दिवशी अण्णा त्याच्यापुढं बाज टाकून आडवे झाले.

आमच्या मुख्याधिकारी मॅडम नव्यानंच आल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "अण्णा, तुमचा कचऱ्याला विरोध आहे का?"

"कचऱ्याला कशापायी असंल? म्या बी करतोच की. माझा विरोध वासाला हाय."

मग अण्णांनी बाजेवर उठून बसून खरं दुखणं सांगितलं. आमच्याकडं थंडीत येळवस असते, म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी अख्खं गाव रानात जेवायला जातं. ज्याला रान आहे तो बोलावतो, ज्याला नाही तो जातो. अण्णांच्या रानात पूर्वी शंभर पान उठायचं. शेजारी कचरा पडायला लागला तसे पाव्हणे नाकाला रुमाल लावून घास गिळायला लागले. व्याही तर दोन वर्षं आलेच नव्हते.

"बांधा तुमची शेड," अण्णा म्हणाले. "पर यंदाच्या येळवसला माझ्या रानात एक जरी रुमाल नाकाला लागला, तर दुसऱ्या दिवशी ह्या गेटला माझं कुलूप. मग मी हाय आन ही बाज हाय."

मॅडम म्हणाल्या, "कबूल."

मी तिथंच विटांच्या ढिगावर टेकलो. माझ्यामागं कौसाबाई उभ्या होत्या. आठजणींत त्या थोरल्या. याच जागेवर, याच धुरात, त्यांनी पंधरा-वीस वर्षं भंगार वेचलं होतं. आता कुठं हातमोजे, बूट आणि गळ्यात ओळखपत्र मिळणार होतं. त्या हळूच म्हणाल्या, "सायेब, कुलूप लागलं तर आमी कुठं जायाचं?"



*

वास येतो तो ओलेपणाचा. ओला आणि सुका कचरा वेगळा आला तर निम्मी लढाई जिंकली, असं मी मुनीरभाईला समजावलं. त्यानं गावाला समजावलं. गल्लीगल्लीत गाडी थांबवून भोंग्यावर सांगायचा, "भाभी, मौशी, ओला हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात. मिलाके दिला तर मी घेणार न्हाय, आन रागावणार बी न्हाय. फक्त इथंच उभा राहीन." आणि खरंच उभा राहायचा. भोंगा चालू ठेवून.

एका निवृत्त गुरुजींच्या घरून मात्र कधी ओला कचरा यायचाच नाही. रोज सुकाच. मुनीरभाईला शंका आली. चहाच्या निमित्तानं गच्चीवर गेला, तर काकूंनी जुन्या लुगड्यावर केळ्याची सालं, बटाट्याची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, सगळं ओळीनं वाळत घातलेलं. शेजारी कुरडया.

"काकू, हे काय?"

"अहो, तुम्हाला दोन डब्यांचा त्रास कशाला? दोन उन्हं दिली की सगळं एकाच डब्यात मावतं. फक्त उलटून टाकायला लागतं दुपारी."

काकूंना समजावून सांगावं म्हणून मी स्वतः गेलो, सोबत कौसाबाई. कौसाबाईंनी ती वाळलेली सालं मुठीत चुरली आणि मलाच गप्प केलं. "सायेब, काकूंना काय बी बोलू नका. हौदात पाणी सुटतं न्हवं, त्याच्यावर हेच पसरायचं." तेव्हापासून काकूंची पिशवी हौदाशेजारी वेगळी ठेवली जाते. एवढ्या मायेनं वाळवलेला कचरा महाराष्ट्रात दुसरीकडं कुठं मिळत असेल असं वाटत नाही.

*

एकदा सॉर्टिंगच्या टेबलावर कवळी सापडली. दातांची, अख्खी, वरची. बायकांनी गरम पाण्यानं धुऊन काचेच्या बरणीत ठेवली. मुनीरभाईनं दोन दिवस भोंग्यावर पुकारलं. कोण कशाला येतंय?

तिसऱ्या दिवशी एक म्हातारबाबा आले. तोंडावर उपरण्याचा पदर. म्हणाले, "ती वस्तू माज्या दोस्ताची हाय."

"मग दोस्तच का नाही आले?"

"त्याला लाज वाटती," बाबा म्हणाले. बोलताना गालफडं पार आत गेलेली. आम्ही कुणीही हसलो नाही, शपथेवर सांगतो. बरणी दिली.

दुसऱ्या दिवशी बाबा कुंथलगिरीच्या पेढ्यांचा बॉक्स घेऊन हजर. आठीजणींच्या हातावर एकेक ठेवला, माझ्या ठेवला, आणि शेवटचा आमच्यासमोर उभं राहून स्वतः चावून चावून खाल्ला. मग म्हणाले, "दोस्तानं लई आशीर्वाद दिलेत."

*

आता चूक सांगतो. ती माझीच.

हौदातलं खत लवकर व्हावं आणि वास मरावा म्हणून एक पावडर येते. तिला कल्चर म्हणतात. ते शिकवायला पुण्याहून एक साहेब आले होते. मी म्हटलं, साहेबांचं बोलणं बायकांना सोपं करून सांगावं. "काही अवघड नाही," मी सांगितलं, "दुधाला विरजण लावतो ना, तस्संच."

मी दोन आठवडे ट्रेनिंगला लातूरला गेलो. येळवस महिन्यावर आलेली. परत आलो तर एसटी स्टँडवरूनच वास. डेपोत धावत गेलो. हौदांवर गोणपाटं पांघरलेली, वर घोंगड्या, आणि कौसाबाई दारात बसून कुणाला आत सोडेनात.

"कौसाबाई, खत पलटी केलं नाही का?"

"न्हाय, सायेब. विरजण हलवत असत्यात का?"

खत दर चार दिवसांनी खालीवर करावं लागतं, नाहीतर आत कुजतं. आणि या बाईनं चौदा दिवस कुणाला बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं. तेवढ्यात भिंतीवरून अण्णांचं डोकं वर आलं. नाकाला पंचा.

"कौसाबाई, दही लागलं का?"

हसावं की रडावं कळेना. कौसाबाई मात्र रडल्या. म्हणाल्या, "माज्यापायी आठीजणींची भाकरी जाणार." मी सांगितलं, चूक माझी आहे, उपमा माझी होती. पण त्यांना ते पटलं नाही. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी फावडी हातात घेतली. मुनीरभाई, मी, आणि मॅडमसुद्धा, ओढणी तोंडाला बांधून. हौद उलटता उलटता संध्याकाळ झाली, तरी ओल हटेना. काकूंची सालं ती कितीशी पुरणार?

सकाळी गेटवर दोन ट्रॉल्या सोयाबीनचं भुसकट उभं. अण्णांचं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी हात जोडायला गेलो तर म्हणाले, "हात जोडू नका. हे तुमच्यासाठी न्हाय, माझ्या पाव्हण्यांसाठी हाय. येळवसचं माझं बोलणं तसंच हाय."

*

आणि येळवस आली.

गाव ओस. मुनीरभाई सगळ्या गल्ल्या फिरून रिकामी गाडी घेऊन परत आला. जिथं माणूसच नाही तिथं कचरा कुठला? आठीजणी मात्र सुट्टी न घेता आलेल्या. हौदाला त्या दिवशी हात लावायचा नाही असं ठरलेलं. मी सकाळपासून दहा वेळा हौदाजवळ जाऊन हुंगून आलो. शेवटी शेवटी मला कशाचाच वास येईना, त्यामुळं भीती आणखी वाढली.

भिंतीपलीकडं अण्णांच्या रानात दहा वाजल्यापासून पाव्हणे जमायला लागले. पूजेसाठी कडब्याची खोप सजलेली, भज्जीची म्हणजे शेंगा-पालेभाज्यांच्या कालवणाची पातेली, बाजरीच्या उंड्यांच्या पाट्या, माठात ताकातली आंबिल. पोरंबाळं हरभऱ्याचा डहाळा खात होती. व्याही आले होते. आम्ही दहाजण भिंतीच्या झरोक्यातून बघत होतो.

व्याह्यांनी खिशात हात घातला. रुमाल काढला. कौसाबाईंनी माझा दंड धरला.

व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत डोळ्यांवर ठेवला आणि रुमाल खिशात घातला.

मग पूजा झाली. पूजेनंतर आमच्याकडं रानाच्या कडेकडेनं फिरत आंबिल शिंपतात. आपलं सगळं पिकावं, म्हणून. ती फेरी पुरी झाल्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही. अण्णा हातात आंबिलीचं मडकं घेऊन निघाले. पुढं अण्णा "ओलगे, ओलगे" अशी येळवसची आरोळी देत शिंपायचे, मागं पोरं ओरडून साथ द्यायची. ज्वारी झाली, तूर झाली, करडई झाली. बांधाबांधानं येत येत अण्णा आमच्या भिंतीशी आले. तिथं त्यांचं रान संपतं. तिथून वळायचं.

अण्णा वळले नाहीत. भिंतीच्या कडेनं सरळ गेटपाशी आले, कडी काढली आणि आत आले.

मागून व्याही ओरडले, "अहो अण्णा, तिकडं कुठं? ते नगरपंचायतीचं हाय!"

अण्णांनी मागं वळून पाहिलं नाही. पहिल्या हौदाशी थांबले, "ओलगे, ओलगे" म्हणाले आणि आंबिल शिंपडली. दुसऱ्या हौदाशी थांबले. तिसऱ्या हौदाशी कौसाबाई डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी साथ दिली, मग त्यांच्यामागं सातजणींनी दिली.

सगळे हौद झाल्यावर अण्णा आले तसे गेटमधून बाहेर पडले आणि जिथं बांध सोडला होता तिथून पुढं शिंपायला लागले.

त्या वर्षी पंगत बसायला जरा उशीर झाला. आणखी दहा पत्रावळी मांडायच्या होत्या.