ओला गठ्ठा परत

रुग्णालयाच्या ज्या विभागात रुग्ण कधीच पाऊल ठेवत नाही, तिथे वाफबाईंनी एकतीस वर्षे काढली. शस्त्रक्रियेची हत्यारे, चादरी, वाट्या असा सारा पसारा एका खिडकीतून मळका आत येई. तो धुतला जाई, वाळवला जाई, गठ्ठ्यांत बांधला जाई, ऑटोक्लेव्हच्या वाफेतून निघे आणि दुसऱ्या खिडकीतून स्वच्छ होऊन बाहेर पडे. दोन खिडक्यांमधली वाट एकेरी होती. उलट चालणाऱ्याला, मग तो कितीही मोठा डॉक्टर असो, बाई हात आडवा धरून थांबवत. त्यांचे खरे नाव शस्त्रक्रियागृहात कुणाला ठाऊक नव्हते, पण "वाफबाईंकडून आलंय ना? मग उघडा," हे वाक्य तिथे रूढ झाले होते. ते पहिल्यांदा कानावर आले त्या दिवशी बाई घरी जाताना बसमध्ये चढल्याच नाहीत. एवढा आनंद बसल्या जागी सांभाळणे त्यांना जमेना, म्हणून सबंध रस्ता चालत गेल्या.

त्या विभागाचे दोन नियम होते. पहिला असा, की प्रत्येक गठ्ठ्यावर दोन सह्या हव्यात, एक बांधणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. दुसरा तीन शब्दांचा होता: ओला गठ्ठा परत. वाफेतून निघालेला गठ्ठा हाताला दमट लागला, तर तो न उघडता पुन्हा मळक्या खिडकीकडे जायचा, कारण जंतूंना आत शिरायला ओलावा पुरतो. एकदा घाईच्या वेळी खुद्द मेट्रन म्हणाल्या, "अहो, नुसता कोपराच तर ओला आहे." बाईंनी गठ्ठा त्यांच्या हातातून काढून घेतला. "कोपरा ओला म्हणजे गठ्ठा ओला, मॅडम." मेट्रन महिनाभर बोलल्या नाहीत, आणि त्यानंतर मात्र नव्या मुलींना शिकवायला बाईंकडेच पाठवू लागल्या.

ही मेट्रन पुढे बाईंच्या घरी आली, ती माशाच्या रूपात.

बाईंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करणारे कारागीर. एका कचेरीत काम करताना तिथली भंगारात निघालेली चार फुटी काचेची टाकी त्यांनी उचलून आणली, लाकडी घडवंची ठोकली आणि बाईंनी त्यात समुद्राच्या पाण्याचा संसार मांडला. मीठ मोजून कालवलेले पाणी, वाळू, दगड, हळूहळू वाढणारे प्रवाळ आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाऊनफिशची जोडी. या जातीत मादी मोठी असते आणि घरात तिचेच चालते. पहिल्याच आठवड्यात तिने नराला कोपऱ्यात उभे करून जे काही सुनावले, ते काचेबाहेरूनही कळले. तिचे नाव मेट्रन पडले आणि त्याचे वॉर्डबॉय. या गोष्टीला आता अकरा वर्षे झाली होती. बाई निवृत्त झाल्या तरी मेट्रन नोकरीवरच होती.

या काळात टाकीत एकदाही रोग शिरला नव्हता. नवा मासा आला की तो सहा आठवडे वेगळ्या टबात राहायचा, मगच टाकीत. बाईंना याचा अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

घात झाला तो भेटवस्तूने. वरच्या मजल्यावर बाईंची नणंद राहते. जिभेची तिखट, पण हाताने देणारी. ती एका सकाळी पाण्याने भरलेली, रबराने बांधलेली पिशवी घेऊन आली. आत गोगलगाय होती.

"वहिनी, तुमच्या टाकीत सगळे नुसते मिरवतात, काम कुणी करत नाही. ही घ्या कामवाली. काचेवरचं शेवाळ खाते म्हणे."

"वन्सं, कशाला खर्च केलात?"

"तुमच्यासाठी नाही केला. काच पुसता पुसता तुमचा खांदा दुखतो आणि त्याची रडगाणी मला ऐकावी लागतात."

पिशवीवर दुकानाची चिठ्ठी होती. तारीख होती, खाली सही होती. बंद पिशवी, तारीख, सही. एकतीस वर्षांच्या सवयीचे हात मेंदूला विचारायला थांबले नाहीत. बाईंनी रबर सोडले, गोगलगाय स्वच्छ खाऱ्या पाण्यातून धुऊन काढली आणि टाकीत ठेवली. मासा असता तर सहा आठवडे थांबल्या असत्या. पण हिला ना खवले ना पर, आणि वर सीलबंद! दुसऱ्या कुणी ही चूक केलीच नसती, कारण दुसऱ्या कुणाचा चिठ्ठीवर एवढा विश्वास नव्हता.

बाराव्या दिवशी मेट्रनच्या परावर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसले. बाईंनी भिंग लावले. सतरा. वॉर्डबॉयवर चार. मेट्रनचे कल्ले धापा टाकल्यासारखे उघडमीट करीत होते.

बाई खुर्चीवर बसल्या. मग उठून त्यांनी टेबलाच्या खणातून ती चिठ्ठी काढली (चिठ्ठ्या त्या कधी फेकत नसत) आणि चष्मा लावून पाहिली. सही एकच होती.

दुकानदार माणूस वाईट नव्हता. फक्त घाईत होता. "तांब्याचं औषध टाका टाकीत," तो म्हणाला. "ठिपके साफ."

"आणि माझे प्रवाळ?"

"ते जातील. तांबं त्यांना सोसत नाही."

"गोगलगाय?"

"तीपण जाईल." त्याने खांदे उडवले. "बाई, खरं सांगू का? अकरा वर्षं म्हणजे झालंच की आयुष्य माशाचं. नवी जोडी देतो."

बाईंनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली. "ही सही कुणाची?"

"माझीच."

"आणि दुसरी?"

"दुसरी कसली?"

बाईंनी चिठ्ठी उचलली आणि त्या बाहेर पडल्या. मेट्रनला मरू द्यायचे नाही आणि टाकीत विषही घालायचे नाही, एवढे त्यांनी पायऱ्या उतरतानाच ठरवले होते. कसे, ते ठरायला पुस्तके, जुन्या हौशी पाळणाऱ्यांना केलेले फोन आणि दोन दिवस लागले.

त्या दोन दिवसांत ठिपके नाहीसे झाले. नणंद टाळ्या वाजवत खाली आली. "बघा! उगाच जीव टांगणीला लावला होतात. गेला की रोग!"

"गेला नाही, वन्सं. मळका कपडा पलंगाखाली ढकललाय नुसता." बाईंनी तिला काचेसमोर बसवले आणि नव्या मुलींना सांगत तसे सांगितले. हा परजीवी माशाच्या कातडीत बसून पोट भरतो, मग आपणहून गळून पडतो. वाळूवर, दगडावर, गोगलगाईच्या शंखावर चिकटून स्वतःभोवती कोष विणतो. आत एकाचे शेकडो होतात. लवकरात लवकर तीन दिवसांनी ते फुटून बाहेर येतात आणि मासा शोधू लागतात. "कोषात असताना त्याला काही करता येत नाही. पण तो फुटायच्या आत मासाच तिथून हलवला तर?"

"तर काय?"

"तर मागच्या टबातला उपाशी मरतो. दर तीन दिवसांनी नवा टब, नवं पाणी. चार वेळा. तोवर अंगावरचे सगळे गळून गेलेले असतात. आणि रिकामा झालेला टब धुऊन खडखडीत वाळवायचा. तो सुकला की मरतो."

"आणि ही मोठी टाकी?"

"तिच्यात शहात्तर दिवस मासा नाही. प्रवाळ राहतील, गोगलगाय राहील. परजीवीला खायला कुणी नाही."

"म्हणजे गुन्हेगार राजवाड्यात आणि तुमची मेट्रन टबात!" नणंद म्हणाली, आणि गोगलगाय आपणच आणली होती हे आठवून पदराने काच पुसू लागली.

घरात एकेरी वाट सुरू झाली. बाहेरची खोली मळकी बाजू, झोपायची खोली स्वच्छ बाजू. शिंतोड्यांतूनही रोग उडतो, म्हणून दोन टबांच्या मध्ये अख्खी भिंत. मासे हलवायचे ते प्लास्टिकच्या चाळणीतून, जुन्या पाण्याचा थेंबही सोबत न नेता. चाळण्याही दोन, एक वापरात आणि एक उन्हात. यजमानांना न्हाणीघरात जायला स्वयंपाकघरातून वळसा पडू लागला. ते कुरकुरले नाहीत. घरात दोन्ही बायकांचा आवाज चढला की ते कानातले यंत्र काढून खिशात ठेवत, आणि त्या पंधरवड्यात ते यंत्र बहुतेक खिशातच होते.

दारामागे बाईंनी तक्ता लावला. तारीख, वेळ, पाण्याचे तापमान, खारटपणा, मेट्रनने खाल्ले की नाही. शेवटी सह्यांचे दोन रकाने. पहिला भरत गेला. दुसरा सवयीने आखला गेला होता आणि कोराच राहिला.

दुसऱ्या बदलीनंतर मेट्रनने खाणे सोडले. टबाच्या तळाशी ती एका कुशीवर कलून राहू लागली आणि वॉर्डबॉय, आयुष्यात प्रथमच कुणी ओरडत नसल्याने, भांबावून तिच्याभोवती फिरू लागला. बाई दर सकाळी पाणी तपासत, अर्धे बदलत, तक्ता भरत.

तिसरी बदली सकाळी नऊला होती. साडेआठला बाई मीठ आणायला कोपऱ्यावर गेल्या आणि परत आल्या तेव्हा नणंद हातात फडके घेऊन उभी होती, चेहऱ्यावर समाधान.

"वहिनी, तुमच्या त्या स्वच्छ टबात धूळ बसली होती. लख्ख पुसून ठेवलाय."

"कुठल्या फडक्यानं?"

"हेच की. बाहेरच्या टबाच्या कडेवर होतं."

बाईंनी टबाच्या तळावर बोट फिरवले. ओला. रोगट टबाच्या कडेचे फडके स्वच्छ टबात फिरले होते. नऊला सोळा मिनिटे होती आणि मासे होते त्या टबातले कोष आता कधीही फुटले असते. हा टब पुन्हा वाळवायला अख्खा दिवस लागणार होता.

"नुसता ओलसरच तर आहे हो," नणंद म्हणाली. पण वहिनींचा चेहरा पाहून तिने फडके पाठीमागे नेले.

"वन्सं, ओला गठ्ठा परत," बाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी टब उचलला आणि बाहेरच्या खोलीत नेऊन उपडा केला. ओरडल्या असत्या तर नणंदेला बरे वाटले असते. "मला दुसरा टब हवाय. कोरडा. कधीच माशाचं पाणी न लागलेला. सोळा मिनिटांत."

नणंद दारातून जी निघाली ती गुडघेदुखी विसरून. वरच्या मजल्यावरून शिडी ओढल्याचा, काहीतरी कोसळल्याचा आणि मग तिच्या जावयाला उद्देशून काही उद्गारांचा आवाज आला. आठव्या मिनिटाला ती परतली. केसांत जळमटे, कडेवर निळा प्लास्टिकचा टब, त्याच्या तळाला हसणारे बदक.

"नातवाला न्हाऊ घालायचा. दोन वर्षं माळ्यावर आहे, पाण्याचा थेंब नाही लागलेला." ती धापा टाकत होती. "बघा बोट लावून."

"तुम्हीच बघा," बाई म्हणाल्या.

नणंदेने हात धुतले, पुसले, मग एकेक कोपरा बोटाने चाचपला. बदकाची चोचसुद्धा सोडली नाही. "कोरडा आहे," ती म्हणाली. तिचा आवाज बदललेला होता.

बाईंनी कालवून ठेवलेले खारे पाणी त्यात ओतले, आणि नऊला एक मिनिट असताना मेट्रन चाळणीतून बदकावर उतरली.

त्या दिवसानंतर नणंद रोज सकाळी खाली येऊ लागली. टोमणे बंद झाले नाहीत ("माझ्या बाळंतपणात कुणी एवढं केलं नाही!"), पण बोलता बोलता वाळत घातलेल्या टबांवरून तिचे बोट फिरत असे. चौथ्या बदलीच्या सकाळी मेट्रनने खाण्याचा एक कण उचलला, थुंकला, पुन्हा उचलला आणि गिळला. तिसरा कण वॉर्डबॉयच्या तोंडातून हिसकावून घेतला. नणंदेने यजमानांच्या खिशातले यंत्र काढून त्यांच्या कानात बसवले आणि ओरडून सांगितले, "दादा, जेवली!"

उरलेले दिवस रेटण्याचे होते. मासे टबात, राजवाड्यात एकटी गोगलगाय. सत्त्याहत्तराव्या सकाळी मेट्रन आपल्या टाकीत परतली. तिने आधी प्रवाळ तपासले, मग दगडामागचा आपला कोपरा, आणि मग सरळ जाऊन गोगलगाईला अशी धडक दिली की ती काचेवरून सुटून वाळूत पडली.

वाफेच्या गठ्ठ्यांवर एक पट्टी असते. उष्णता पोहोचली की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. टाकीसाठी तशी पट्टी नाही. मासा हाच पुरावा, आणि तो महिनाभर रोज पाहावा लागतो. बाईंनी पाहिला. तिसाव्या दिवशी त्यांनी तक्त्याच्या शेवटच्या ओळीत लिहिले, 'टाकी निरोगी', आणि पहिल्या रकान्यात सही केली. मग पेन नणंदेपुढे धरले.

"हे काय? मला काय कळतंय त्यातलं?"

"तिसऱ्या बदलीपासून प्रत्येक टब कुणी तपासला?"

नणंदेने पेन घेतले. कागदाला टेकवले. मग उचलले.

"भिंग द्या."

"मी पाहिलंय, वन्सं. तीस दिवस पाहतेय."

"तुम्ही पाहिलंय म्हणून मी कशी सही करू?" नणंद काचेला नाक लावून बसली. वॉर्डबॉयची एक बाजू, दुसरी बाजू. मेट्रनचे डोके, कल्ले, दोन्ही पर. मेट्रन दगडाकडे तोंड करून स्थिर झाली. पाच मिनिटे गेली. यजमान चहा ठेवून गेले, तो निवला.

"करा आता," बाई म्हणाल्या.

"थांबा हो. शेपटी दिसलेली नाही. तिला वळू द्या."

एकतीस वर्षांत बाईंनी कितीतरी मुलींना शिकवले; अशी तपासणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मिळाली होती. त्यांनी पदर सारखा केला, खुर्ची ओढून नणंदेशेजारी ताठ बसल्या आणि मेट्रन वळायची वाट पाहू लागल्या.